नव्या पिकअपची स्टेपनी : नोंदणीच्या कागदावर नसलेले पाचवे चाक

तंजावर : मालवाहू मोटारींवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि छोट्या वाहतूकदाराला नवी पिकअप घेणे तुलनेने सोपे झाले. कावेरीच्या खोऱ्यात भात, केळी आणि नारळ यांची वाहतूक करणाऱ्यांसाठी हा मोठाच दिलासा होता. मात्र नव्या गाडीबरोबर मिळणारे पाचवे चाक, म्हणजेच स्टेपनी, उरलेल्या चार चाकांशी खरोखर जुळते का, हा प्रश्न खरेदीच्या वेळी क्वचितच विचारला जातो. पाहताना ती पूर्ण आकाराचीच दिसते. कंपनी, नक्षी, बांधणी किंवा भारक्षमता वेगळी असली, तर ते बहुधा पहिले पंक्चर झाल्यावरच लक्षात येते.

मराठी वाचकाला तंजावर परिचित आहे ते व्यंकोजीराजांच्या गादीमुळे आणि सरस्वती महाल ग्रंथालयामुळे. या जिल्ह्याचे अर्थकारण मात्र आजही भातावर उभे आहे. मेट्टूर धरणाचे पाणी परंपरेने १२ जूनला सोडले जाते. त्यावर येणारे कुरुवै हंगामाचे पीक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कापणीला येते, आणि त्याच सुमारास ईशान्य मोसमी पाऊस तमिळनाडूत दाखल होतो. भात ओला झाला की त्यातील आर्द्रता खरेदीसाठी ठरलेल्या १७ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर जाते आणि खरेदी केंद्रावर तो अडकून पडतो. अशा दिवसांत शेतापासून केंद्रापर्यंतच्या वाहतुकीत वाया गेलेल्या प्रत्येक तासाची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते. पंक्चर झालेल्या गाडीला स्टेपनी लावून तसेच भरल्या गाडीने पुढे जाणे ही तेथे सोय नसते, तो नाइलाज असतो.

तात्पुरत्या चाकाचा वारसा

‘स्टेपनी’ हा शब्द मराठीत आणि तमिळमध्येही रुळला आहे. त्याचे मूळ वेल्समधील लानेथ्ली या गावच्या स्टेपनी रस्त्यावर आहे. १९०४ च्या सुमारास तेथील डेव्हिस बंधूंनी आरे नसलेले एक जोडचाक तयार केले. टायर फुटला की मूळ चाकाला ते आवळून बसवायचे आणि दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत पोहोचायचे, एवढाच त्याचा उपयोग होता. जन्मतःच ते तात्पुरते आणि इतर चाकांहून वेगळे होते. चारही चाकांसारखेच पाचवे चाक मिळावे, ही अपेक्षा नंतर रूढ झाली.

अलीकडच्या काळात ही अपेक्षा पुन्हा मागे पडू लागली आहे. अमेरिकेतील मोटारचालकांच्या ‘एएए’ या संघटनेने २०१५ मध्ये केलेल्या पाहणीत त्या वर्षीच्या नव्या प्रतिरूपांपैकी एक तृतीयांशाहून अधिक गाड्यांत स्टेपनी नसल्याचे आढळले होते. भारतातही केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमावलीत दुरुस्ती केली. ट्यूबविरहित टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल, तर नऊ आसनांपर्यंतच्या छोट्या प्रवासी मोटारींना स्टेपनी देण्याची सक्ती त्यामुळे उरली नाही. तात्पुरत्या वापराच्या लहान स्टेपनीसाठी ‘एआयएस-११०’ हे स्वतंत्र मानकही आहे. अशा चाकावर ताशी ८० किलोमीटरच्या वेगमर्यादेची ठळक सूचना असते.

ही सारी चर्चा प्रवासी मोटारींभोवती फिरली. पिकअपमध्ये स्टेपनी आजही दिली जाते आणि ती बहुधा पूर्ण आकाराची असते. नेमका इथेच गोंधळ होतो. लहान स्टेपनीवर इशारा असतो, त्यामुळे चालक सावध राहतो. पूर्ण आकाराच्या पण न जुळणाऱ्या स्टेपनीवर असा कोणताही इशारा नसतो.

फरक कोणता आणि किती

प्रत्येक फरक सारखाच गंभीर नसतो. वाहननिर्माते एकाच प्रतिरूपासाठी एकाहून अधिक टायर कंपन्यांकडून माल घेतात. त्यामुळे आकार, बांधणी, भारांक आणि वेगचिन्ह तेच असून केवळ कंपनीचे नाव वेगळे असेल, तर सुरक्षिततेचा मोठा प्रश्न उद्भवत नाही. वरच्या श्रेणीच्या गाडीला मिश्रधातूच्या चार रिम आणि पाचवी मात्र पोलादी, हा प्रकारही प्रामुख्याने खर्च वाचवण्यासाठीचा आहे. अशा वेळी नटबोल्ट दोन्ही रिमना चालतात का, एवढी खात्री पुरेशी असते.

भारक्षमतेतील फरक त्याहून महत्त्वाचा आहे. टायरच्या कडेवर आकारापुढे जो आकडा असतो तो भारांक. १०० भारांकाचा टायर ८०० किलो, तर १०४ भारांकाचा टायर ९०० किलो भार पेलतो. आकड्यांत हा फरक चारचाच दिसतो, प्रत्यक्षात तो १०० किलोंचा आहे. तमिळनाडूच्या सरकारी खरेदी केंद्रांवर भाताचे पोते ४० किलोंचे भरले जाते. त्या हिशेबाने एका चाकामागे अडीच पोती होतात. मागच्या ॲक्सलचा एक टायर कमी भारांकाचा असेल, तर त्या ॲक्सलची सुरक्षित मर्यादा त्या दुबळ्या टायरवरूनच ठरते. भरल्या गाडीत माल तेवढाच राहतो आणि टायर मात्र बदललेला असतो.

बांधणीतील फरक आणखी धोक्याचा. व्यावसायिक वाहनांत रेडियल आणि बोलीभाषेत ‘नायलॉन’ म्हटले जाणारे, असे दोन्ही प्रकारचे टायर आजही वापरात आहेत. वळणावर आणि ब्रेक लावताना दोघांच्या कडा वेगवेगळ्या प्रमाणात दबतात. एका ॲक्सलवर एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला नायलॉन टायर बसवण्यास ब्रिटनमध्ये कायद्यानेच मनाई आहे.

आकारच वेगळा असेल, तर ते चाक केवळ जवळच्या गॅरेजपर्यंत जाण्यापुरतेच समजावे. २१५/७५ आर १५ आणि २३५/७५ आर १५ या दोन टायरांची रिम एकच, १५ इंची असते. गणिताने पहिल्याचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर, तर दुसऱ्याचा ७३३ मिलिमीटर भरतो. तंजावर ते कुंभकोणम या सुमारे ४० किलोमीटरच्या प्रवासात लहान टायर मोठ्यापेक्षा जवळपास ७४० फेऱ्या अधिक घेईल. ही तफावत मागच्या ॲक्सलच्या डिफरन्शियलला वाटभर सोसावी लागते. एरवी केवळ वळणावर करायचे काम त्याला सरळ रस्त्यावरही करावे लागते. चारही चाकांना गती देणाऱ्या पिकअपमध्ये हा ताण गिअरच्या पुढील यंत्रणेपर्यंत पोहोचतो.

कागदपत्रांतील पोकळी

मालवाहू वाहनाच्या नोंदणी अर्जात, म्हणजे नमुना २० मध्ये, टायरांची संख्या, वर्णन, आकार आणि प्लाय यांची नोंद मागितली जाते. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल, अन्य ॲक्सल आणि जोड ॲक्सल असे त्याचे रकाने आहेत. जे चाक ॲक्सलवर नाही, त्याला रकाना नाही. त्यामुळे विक्रीच्या दिवशी गाडीखाली कोणती स्टेपनी टांगलेली होती, याचा पुरावा खरेदीदाराकडे बहुधा राहत नाही.

टायर स्वतः निकृष्ट असतो असे नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरांना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्र २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार आवश्यक आहे. मात्र हे प्रमाणपत्र त्या एका टायरपुरते असते. तो शेजारच्या टायरशी जुळतो की नाही, हे त्यातून कळत नाही. शिवाय टायरची हमी सामान्यतः वाहननिर्मात्याऐवजी टायर कंपनी देते. दोन वेगळ्या कंपन्यांचे टायर आले, की दाद मागण्याची दारेही दोन होतात.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ येथे काही आधार देतो. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू या कायद्याच्या कक्षेबाहेर असली, तरी स्वयंरोजगारातून केवळ उदरनिर्वाहासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही. स्वतःची एक पिकअप स्वतः चालवणारा तंजावरचा किंवा लासलगावचा वाहतूकदार म्हणूनच ‘ग्राहक’ ठरू शकतो आणि दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. अडचण पुराव्याची आहे. कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याच्या दाव्याने अपेक्षित असलेल्या दर्जात उणीव असेल, तरच तो ‘दोष’ ठरतो. स्टेपनीविषयी करारात एक ओळही नसेल, तर उणीव कशाच्या तुलनेत दाखवायची?

उत्पादकांची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. पिकअपच्या बाजारात किमतीची स्पर्धा तीव्र असते, स्टेपनी क्वचित वापरली जाते आणि पुरवठ्यातील टंचाईच्या काळात पाचवा टायर जुळत नाही म्हणून गाडी अडवून ठेवणे ग्राहकालाही परवडत नाही. पण स्टेपनी क्वचित वापरली जाते हा युक्तिवाद खासगी मोटारीला अधिक लागू पडतो. महाराष्ट्रात ‘छोटा हत्ती’ आणि तमिळनाडूत त्याच अर्थाने ‘कुट्टी यानै’ म्हणून ओळखले जाणारे छोटे मालवाहू वाहन असो की त्याहून मोठी पिकअप, त्यांचा दिवस कालव्याकाठच्या कच्च्या वाटांवर आणि बाजार समितीच्या आवारात खिळे-काट्यांतून जातो.

जुळणाऱ्या स्टेपनीचा आर्थिक लाभही आहे. पाचही टायर एकसारखे असतील, तर त्यांची आलटूनपालटून अदलाबदल करता येते. एका टायरचे आयुष्य ४० हजार किलोमीटर धरले, तर चार टायरांचा संच तेवढाच चालेल, पाचांचा मात्र ५० हजार किलोमीटर. न जुळणारी स्टेपनी या चक्राबाहेर राहते आणि गाडीखाली चिखल-पाणी झेलत न वापरताच जुनी होते. टायरच्या कडेवरील चार अंकांतून तिचे वय कळते. ‘२३२४’ म्हणजे २०२४ मधील तेविसावा आठवडा.

उपाय खर्चिक नाहीत. नमुना २० मध्ये आणि विक्रीच्या पावतीवर स्टेपनीचा आकार, बांधणी, भारांक आणि उत्पादनाचा आठवडा लिहिण्यासाठी एक रकाना वाढवता येईल. यांपैकी एकही बाब चार टायरांपेक्षा वेगळी असल्यास लहान स्टेपनीप्रमाणेच मोठ्या स्टेपनीवरही वेग आणि भाराच्या मर्यादेची सूचना लावणे बंधनकारक करता येईल. भारतीय वाहन मानके जेथे आकाराला येतात, त्या पुण्यातील ‘एआरएआय’ संस्थेसारख्या यंत्रणांसाठी हे काम नवे नाही. तोवर ताबा घेण्यापूर्वी स्टेपनी खाली उतरवून पाचही टायरांवरील आकडे ताडून पाहणे आणि फरक आढळल्यास तो विक्रेत्याकडून लेखी नोंदवून घेणे, एवढेच खरेदीदाराच्या हाती आहे.

२०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि १ लाख ६८ हजार ४९१ जणांनी प्राण गमावले. अपघातांच्या संख्येत ६४ हजार १०५ नोंदींसह तमिळनाडू पहिल्या क्रमांकावर होते. यांपैकी किती गाड्यांवर त्या क्षणी न जुळणारी स्टेपनी बसवलेली होती, हे या आकडेवारीतून कळत नाही. विक्रीच्या वेळी ज्या चाकाची नोंदच होत नाही, त्याची नोंद अपघातानंतरच्या पंचनाम्यात होण्याची शक्यता कमीच आहे.