डिस्चार्ज बुकातले नाव

फौजेतून निवृत्त झालेल्यांच्या घरी आम्ही एक गोष्ट हमखास विचारतो: डिस्चार्ज बुकात मुलीचे नाव नीट आहे ना? मनोरीहून बोटीने मार्वे गाठून कॉलेजला जाणाऱ्या माजी जवानाच्या मुलीला पंतप्रधान शिष्यवृत्तीतून महिना ३,००० रुपये मिळू शकतात, मुलाला २,५००. बारावीला किमान ६० टक्के हवेत, पदवी व्यावसायिक हवी आणि अर्ज पहिल्याच वर्षी. आपल्याकडे मात्र शाळेत ‘आयेशा शेख’ आणि फौजेच्या कागदावर ‘आयशाबी’! ही दुरुस्ती बारावीच्या निकालानंतर काढली तर वेळ हातची जाते. मुलगी दहावीत असतानाच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. अब्बांना १५ वर्षांच्या सेवेवर मिळालेले पदवी-समकक्ष प्रमाणपत्र फक्त ‘गट क’च्या नोकरीपुरते, पुढे शिकायचे तर खरी पदवीच घ्यावी लागते.