पियानोचा गुरू

गोमंतकातल्या मराठी घरांत मुलाला संगीत शिकवावयाचे ठरले, म्हणजे पेटी, तबला किंवा गळा यांपलीकडे सहसा कोणाची नजर जात नाही. देवळातील चौघडा आणि भजनी सप्ताह यांत वाढलेल्या समाजात हे स्वाभाविकच आहे. तथापि पियानो शिकू इच्छिणारी मुले आमच्या वर्गांतून आता अधूनमधून भेटतात, आणि त्यांचे पालक आम्हांस एकच प्रश्न विचारतात : शिक्षक कोणता पाहावा? प्रश्न साधा असला, तरी त्याचे उत्तर फार उतावळेपणाने दिले जाते. जो घराजवळ राहतो तो, जो कमी फी घेतो तो, अथवा ज्याच्या भिंतीवर शिष्यांच्या प्रमाणपत्रांच्या चौकटी अधिक तो. या तिन्ही कसोट्या आम्हांस अपुऱ्या वाटतात; तिसरी तर घातकही वाटते.

परंतु त्याआधी एका आक्षेपाचा परामर्श घेतला पाहिजे. हे वाद्य आपले नव्हे, असे काही वडीलधारी मंडळी म्हणतात. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या पाठशाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत असत, ही गोष्ट खरी. पण त्या वातावरणात वाढलेल्या माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनीच पुढे मुंबईत प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविले, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांची गाणी कोणत्या मराठी घरात गुणगुणली गेली नाहीत? पणजीत आंतोनियो द फिगेरेदो यांनी १९५२ साली पाश्चात्त्य संगीताची अकादमी स्थापन केली. तीच परंपरा पुढे कला अकादमीत चालू राहिली. म्हणजे या विद्येसाठी आपल्याला समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. ती शेजारच्या वाड्यावर आहे.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. पियानोने गाणाऱ्या मुलाचा कान बिघडतो, असे गवई म्हणतात. त्यात तथ्य आहे. पियानोचे सप्तक बारा समान भागांत विभागलेले असते. त्यामुळे त्याचा शुद्ध गांधार तानपुऱ्याच्या खर्जातून उमटणाऱ्या स्वयंभू गांधाराहून किंचित चढा लागतो, आणि मींड तर त्यावर निघतच नाही. परंतु हाच दोष पेटीतही आहे. त्यासाठी ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला बंदी केली होती, आणि ती १९७१ पर्यंत टिकली. तरीही आपण पेटी घरातून हलविली नाही! जी सवलत पेटीला, ती पियानोला का नसावी? मात्र मूल गातही असेल, तर ते शिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगावे. ‘गाणे सोडा, मग या’ असे जो म्हणेल, त्याच्या दारातून परत फिरावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता मूळ मुद्दा. ‘मूल लहान आहे, सध्या कोणीही चालेल; पुढे मोठ्या शिक्षकाकडे घालू’ हा विचार पालकांत सर्वत्र आढळतो, आणि तो उलटा आहे. पहिल्या दोन वर्षांत हाताला जे वळण लागते, ते मोडून नवे लावणे हे कोऱ्या हाताला शिकविण्यापेक्षा किती तरी कठीण. दहा वर्षांच्या कार्ल चेर्नीला त्याच्या वडिलांनी बीथोव्हेनकडे नेले, तेव्हा मुलगा अवघड रचना वाजवून दाखवीत होता. तरीही त्या महापुरुषाने पहिले काही धडे केवळ सरगमा, हाताची ठेवण आणि अंगठ्याचा उपयोग यांवरच खर्च केले. पुढे १८२२ च्या सुमारास याच चेर्नीकडे व्हिएन्नात लहानगा फ्रान्झ लिस्ट आला. तो विलक्षण प्रतिभावान होता, पण त्याचे वाजविणे बेशिस्त होते, लयीचा ठिकाणा नव्हता. चेर्नीने त्यालाही पुन्हा सरगमांवर बसविले, मुलगा कुरकुरला तरी सोडले नाही, आणि त्याच्या शिकवणीचे पैसे घेण्याचेही पुढे नाकारले. स्वतः उत्तम वाजविणारा प्रत्येक जण असा मागे येऊन पायाचा दगड बसवीलच, असे नाही. म्हणून मैफलीतील कीर्ती ही शिक्षकाची ओळख आम्ही मानीत नाही.

मग ओळखावे कसे? एक धडा समोर बसून पाहावा. चांगला शिक्षक पालकाला नाही म्हणत नाही. आपल्या मुलाचा धडा नव्हे, दुसऱ्या एखाद्या सामान्य बुद्धीच्या मुलाचा पाहावा, कारण हुशार मुलगा कोणाच्याही हाताखाली तरतो. बैठकीची उंची शिक्षक बदलतो काय? कोपर पट्ट्यांच्या पातळीला आले काय? लहान मुलाचे पाय लोंबकळत असतील, तर त्याखाली पाट किंवा खोके सरकविले जाते काय? या गोष्टी क्षुल्लक भासतील. पण लोंबत्या पायांचे मूल खांदे ताठ करून वाजविते, आणि तो ताठरपणा मनगटात उतरतो. शोपँ पॅरिसमध्ये शिकवीत असे, तेव्हा तो आरंभ सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांच्या सरगमेने करीत नसे. मधली तीन लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर आणि अंगठा व करंगळी पांढऱ्यांवर ठेवून हात आपल्या सहज आकारात विसावू देत असे. तीन तासांहून अधिक रियाज तो शिष्यांना करू देत नसे. उलटपक्षी रॉबर्ट शुमानच्या उजव्या हाताचे बोट तरुणपणीच निकामी झाले आणि वादक होण्याचे त्याचे स्वप्न तेथेच संपले. मूल मनगट दुखते म्हणाले असता ‘सवय होईल’ असे उत्तर मिळाले, तर त्या घरी पुन्हा जाऊ नये. शिक्षकाचा मान राखावा हे खरे, पण मुलाचा हात पुन्हा मिळत नाही.

आणखी एक परीक्षा आमच्या या कोकणपट्टीलाच लागू आहे. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात, आणि आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, तारांना गंज चढतो. स्वर जुळविणारा कारागीर सहजासहजी मिळत नाही, आणि मिळाला तर खर्चही होतो. तरीही ज्याचा पियानो भाद्रपदातही बऱ्यापैकी सुरात आहे, तो शिक्षक स्वतःच्या कानाशी प्रामाणिक आहे असे समजावे. बेसूर वाद्यावर जो वर्षानुवर्षे निश्चिंतपणे शिकवितो, तो मुलाच्या कानाला काय देणार?

प्रमाणपत्रांविषयी आम्ही वर जे म्हटले, त्याचे कारण असे. लंडनच्या संस्थांच्या परीक्षा आपल्याकडे होतात. त्यांच्या पहिली ते आठवी अशा श्रेणी असतात, आणि बहुधा प्रत्येक श्रेणीस तीन रचना वाजवाव्या लागतात. परीक्षा वाईट नव्हे. खेड्यातल्या मुलालाही तिने एक माप मिळते. परंतु काही शिक्षक त्याच तीन रचना वर्षभर घोटवून घेतात. मूल उत्तीर्ण होते, चौकट भिंतीवर लागते, आणि चौथी रचना समोर ठेवली की हात थांबतो. म्हणून शिक्षकाला गुण विचारू नयेत. त्याच्या शिष्याला विचारावे, ‘या वर्षी काय काय वाजविलेस?’ आणि शक्य तर एक अपरिचित ओळ त्याच्यासमोर ठेवावी. अडखळत का होईना, त्याने ती वाचली, तर शिकवणी खरी आहे.

फीविषयी घासाघीस करणे आम्हांस शोभत नाही. ज्या घरात वाद्य नाही, त्याने मात्र संकोच न करता विचारावे, की आठवड्यातून दोन-तीन वेळा शिक्षकाच्या घरी येऊन सराव करता येईल काय. मोबाइलवरील चित्रफिती पाहून आणि एकसष्ट हलक्या पट्ट्यांच्या खेळण्यावर बोटे फिरवून अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांच्या वजनदार पियानोचा हात बनत नाही. चित्रफितीला मुलाचे मनगट दिसत नाही. असे विचारल्यावर जे शिक्षक ‘चार वाजता ये, त्या वेळी कोणी नसते’ असे सांगतात, त्यांच्याकडे फी थोडी अधिक असली तरी मुलाला घालावे, आणि बसभाड्याचा विचार त्यानंतर करावा.