हजार लिबियन माणसं काय म्हणाली?

१. २०२० च्या अखेरीला, कोविडचे दिवस असताना, लिबियातल्या संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थ स्टेफनी विल्यम्स यांनी सुमारे हजार लिबियन नागरिकांशी एकाच वेळी ऑनलाइन संवाद साधला. (साधनाचं नाव रेमेश. आपला रमेश नव्हे. कंपनी अमेरिकन आहे.) लोक स्वतःच्या शब्दांत उत्तरं लिहीत, इतरांची उत्तरं पटतात का ते सांगत आणि कुठलं मत किती जणांना पटतंय ते एआय तिथल्या तिथे दाखवी. शांततेच्या वाटाघाटींना एरवी बंदूकवाले आणि त्यांचे वकील बसतात. त्या नोव्हेंबरात लिबियाच्या भवितव्यावर ट्यूनिसला झालेल्या बैठकीला ७५ प्रतिनिधी होते. बाहेरच्या हजारांचं म्हणणं मध्यस्थाच्या कानावर गेलं, ही गोष्ट लहान नाही. एआयला सरसकट नावं ठेवणाऱ्यांनी एवढं तरी मान्य करावं.

२. पण जिच्या घरी वीज नाही, फोन नवऱ्याच्या हातात आहे, ती बाई या हजारांत नसते. निष्कर्षासोबत कोण राहून गेलं तेही जाहीर व्हावं.

३. यंत्रासोबत बोली जाणणारा माणूसही पगारावर हवाच. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्धचं विष फेसबुकवर पसरत होतं, तेव्हा कंपनीकडे बर्मी समजणारी माणसं अगदी थोडी होती. आपण पुरेसं केलं नाही, हे तिने २०१८ मध्ये कबूल केलं. तोवर लाखो माणसं बांगलादेशात पळाली होती.

४. कोणता गट कुठे नमेल, हे मध्यस्थाच्या टाचणवहीत असतं. ती वही परक्या सर्व्हरवर चढवू नये. यावर चर्चाही नको.

५. यंत्राचा दुसरा उपयोग अंदाजाचा. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात सुरू झालेली ‘व्ह्यूज’ यंत्रणा हिंसाचाराचे अंदाज दर महिन्याला वर्तवते. उपयोगी आहे, पण अंदाज आल्यावर पुढे कोण जाणार? १९८४ च्या दंगलीनं होरपळलेल्या भिवंडीत पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान शेजारी आणि पोलीस एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. तिथे रात्री कुणाचं दार ठोठावायचं, हे ठाऊक होतं.

६. ट्यूनिसला लिबियाच्या निवडणुकीची तारीख ठरली, २४ डिसेंबर २०२१. त्या दिवशी मतदान झालंच नाही. ज्या हजारांना विचारलं, त्यांना उत्तर देणं कुणावरही बंधनकारक नव्हतं. ते बंधनकारक करा: तुमच्या मताचं काय झालं, हे ज्या फोनवर विचारलं त्याच फोनवर, ठरल्या मुदतीत, त्यांच्या बोलीत कळवा.