फाटकाबाहेरची करुणा

दर वर्षी १ डिसेंबर उजाडला की मुंबई-पुण्याच्या औद्योगिक वसाहतींत तांबड्या फितींचे पीक येते. कारखान्याच्या फाटकावर फलक झळकतो, संचालकांच्या कोटावर फीत टाचली जाते, जवळच्या एखाद्या वस्तीत आरोग्य शिबिर भरते, त्याची छायाचित्रे वार्षिक अहवालात छापली जातात आणि २ डिसेंबरला सारे पूर्ववत सुरू होते. या सोहळ्याची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. ज्या रोगाचे नाव घेण्यास सभ्य माणसे एके काळी कचरत, त्याचे नाव आज फाटकावर लागते, हेही थोडके नव्हे. परंतु फाटकाबाहेर इतकी करुणा दाखविणाऱ्या या उद्योगांच्या फाटकाच्या आत काय चालते, हा प्रश्न कोणीतरी विचारावयास हवा आणि तो आज आम्ही विचारीत आहोत.

एचआयव्हीची लागण आपल्या देशात प्रथम उघडकीस आली ती १९८६ साली, मद्रासेत. त्यानंतरची दोन दशके भयाची होती. आज चित्र पालटले आहे. १ एप्रिल २००४ पासून शासन या रोगावरील औषधे विनामूल्य देते, आणि २०१७ पासून तर लागण झाल्याचे कळताच, प्रकृती ढासळण्याची वाट न पाहता, उपचार सुरू केले जातात. दिवसाला एक गोळी बहुतेकांना पुरते. ती नियमाने घेणाऱ्याच्या रक्तातील विषाणू इतका दबतो की त्याच्यापासून शरीरसंबंधातून दुसऱ्यास लागण होत नाही. म्हणजे एकाचा उपचार हाच दुसऱ्याचा प्रतिबंध होय. असे असूनही २०२३ च्या सरकारी अंदाजाप्रमाणे देशात पंचवीस लाखांवर माणसे हा विषाणू अंगात वागवीत होती, आणि राज्यांच्या यादीत संख्येने पहिले नाव आपल्या महाराष्ट्राचे होते. त्यातही ढोबळ मानाने पाचांतील एकाला आपल्याला लागण झाल्याचे ठाऊकच नव्हते.

औषध फुकट, चाचणी फुकट, मग हा पाचवा माणूस येत का नाही? अज्ञान हे उत्तर सोपे आहे. ते अर्धेच खरे आहे. दुसरे अर्धे उत्तर भयाचे आहे, आणि ते भय मरणाचे राहिलेले नसून नोकरीचे आहे. चाकणच्या एखाद्या कारखान्यात पहिल्या पाळीस लागलेला जोडारी डोळ्यांसमोर आणा. औषधे मिळतात ती सरकारी रुग्णालयातील एआरटी केंद्रात, आणि ते केंद्र उघडे असते नेमके त्याच्या कामाच्या वेळेत. तो रजा मागतो. मुकादम विचारतो, "कशाला?" पहिल्या खेपेस पोटदुखी, दुसऱ्या खेपेस गावी मयत, तिसऱ्या खेपेस काय सांगावयाचे? औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी तो नखाने खरवडून टाकतो, गोळ्या सुपारीच्या डबीत ठेवतो, आणि एके दिवशी रजेचा अर्ज करण्यापेक्षा गोळी चुकविणे त्याला सोपे वाटते. गोळ्या अशा वरचेवर चुकू लागल्या की विषाणू पुन्हा डोके वर काढतो, औषधाला दाद देईनासा होऊ शकतो, आणि लागणीची साखळी पुन्हा सुरू होते. मुकादमाच्या त्या एका शब्दाच्या प्रश्नाचा साथीच्या रोगाशी संबंध आहे तो असा. ज्याला चाचणीचा निकाल म्हणजे कामावरून कमी झाल्याची चिठ्ठी वाटते, तो चाचणीच्या वाटेस जाईलच कशाला? हे भय डॉक्टरांना घालविता येत नाही, शासनाच्या जाहिरातींनाही नाही. ते घालविणे एकट्या मालकाच्या हाती आहे.

आणि हे भय काल्पनिक नाही. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एक खटला आला. एका सार्वजनिक क्षेत्रातील महामंडळात रोजंदारीवर राबणाऱ्या मजुराच्या रक्तात हा विषाणू सापडला. तो कामास शारीरिकदृष्ट्या योग्य होता, तरीही त्याला दूर करण्यात आले. न्यायालयाने त्याला नाव गुप्त ठेवून दाद मागू दिली, म्हणून आजही तो खटला 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' अशा अक्षरांनीच ओळखला जातो. केवळ लागण झाली म्हणून, काम करण्यास समर्थ असलेल्या आणि इतरांना धोका नसलेल्या माणसाची भाकर हिरावता येणार नाही, असा निर्णय त्या न्यायालयाने दिला. निर्णय याच शहरात झाला. पण त्याची वार्ता या शहरातील किती कर्मचारी-व्यवस्थापकांच्या कानी पोहोचली, याबद्दल आम्ही साशंक आहोत.

त्या निर्णयातील तत्त्व देशाच्या कायद्यात उतरावयास वीस वर्षे लागली. २०१७ साली संसदेने एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियम संमत केला आणि तो अमलात आला १० सप्टेंबर २०१८ रोजी. मधले जवळजवळ दीड वर्ष कशात गेले हे दिल्लीच्या सचिवालयालाच ठाऊक. या कायद्याने लागणीच्या कारणावरून नोकरी नाकारणे व काढून घेणे निषिद्ध ठरविले. नोकरी देण्यापूर्वी एचआयव्हीची चाचणी सक्तीची करणेही निषिद्ध ठरविले. माहितीपूर्ण संमतीवाचून चाचणी नाही, आणि कळलेली गोष्ट बाहेर फोडणे नाही. शंभर वा अधिक माणसे जेथे काम करतात तेथे एक तक्रार अधिकारी नेमलाच पाहिजे. रुग्णालयांसाठी तर ही मर्यादा वीसच माणसांची आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण मोठ्या कचेऱ्यांतून, बँकांतून, कारखान्यांतून काम करतात. त्यांना आमचा प्रश्न आहे: आपल्या येथील या अधिकाऱ्याचे नाव आपणास ठाऊक आहे काय? नोकरीपूर्व आरोग्यतपासणीच्या लांबलचक यादीत, साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्या मधोमध, हळूच ही चाचणीही घातलेली नाही ना, हे आपण कधी पाहिले आहे काय?

येथे एक पळवाट आहे, आणि ती आम्हास सर्वांत घातक वाटते. भेदभावाची बंदी सर्वांनाच लागू आहे. परंतु तक्रार अधिकाऱ्याचे बंधन शंभरांच्या आस्थापनेला आहे. आता कारखान्यातील साफसफाई, पहारा, मालाची चढउतार ही सारी कामे कंत्राटदारांच्या माणसांकडून करवून घेतली जातात. चाळीस माणसांच्या कंत्राटदाराने तक्रार कोणाकडे न्यावयाची हे कोठे लिहून ठेवावयाचे? कंपनी म्हणते ते आमचे नव्हेत, कंत्राटदार म्हणतो मी लहान माणूस आहे. आणि ज्यांना एका दिवसाच्या हजेरीवर चूल पेटवावयाची असते, ज्यांत नवऱ्याच्या मागे घर चालविणाऱ्या कितीतरी विधवा असतात, ती माणसे दोघांच्या मधल्या भेगेत पडतात. 'आपली माणसे कोण' या प्रश्नाचे उदार उत्तर देणे उद्योगाला जमतच नाही, असे नाही. अपोलो टायर्स या कंपनीने २००० साली दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरात ट्रकचालकांसाठी दवाखाना काढला. ते चालक तिच्या हजेरीपटावर नव्हते. तिचे टायर झिजविणारे गिऱ्हाईक होते. त्यात धंद्याचा हिशेब असेल. असो बापडा! हिशेबातून का होईना, दवाखाना निघाला.

खर्चाची सबब पुढे येईल, म्हणून तिचेही बोलून टाकू. २००१ साली बोट्स्वानातील डेब्स्वाना या हिऱ्यांच्या खाणकंपनीने आपल्या कामगारांना ही औषधे देण्यास आरंभ केला, आणि २००२ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिकेतील अँग्लो अमेरिकन या प्रचंड खाणसंस्थेने आपल्या कामगारांसाठी हीच घोषणा केली. तिच्याच अंदाजाने तेव्हा तिच्या तेथील कामगारांत पाचांमागे एकाहून अधिकांना लागण झालेली होती. आणि तेथील सरकार औषधे देण्यास तयार नव्हते. कसबी कामगार गमावण्याचा खर्च औषधांहून जड, हे त्या खाणवाल्यांनी ओळखले आणि औषधांची किंमत स्वतःच्या खिशातून भरली. आपल्या उद्योगपतींना यातले काय करावयाचे आहे? औषध शासन देते. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परकीय मदत एकाएकी रोखली तेव्हा आफ्रिकेतील कित्येक दवाखान्यांवर संकट कोसळले. आपला कार्यक्रम बव्हंशी आपल्याच तिजोरीवर चालतो, म्हणून येथे तसे झाले नाही. आपल्या मालकाने द्यावयाची आहे ती वर्षातून काही अर्ध्या दिवसांची भरपगारी सवलत, आणि तीही कारण न विचारता. एवढी स्वस्त मदत जगात दुसऱ्या कोणत्या उद्योगाच्या वाट्याला आली असेल, असे आम्हास वाटत नाही.

मग शिबिरे का भरतात आणि सवलत का मिळत नाही? याचे एक कारण हिशेबाच्या वहीत आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावयास लावले; परंतु केवळ स्वतःच्या नोकरांच्या हिताचा खर्च त्या खात्यात धरला जात नाही. नियम योग्यच आहे, नाहीतर उपाहारगृहातील वडासुद्धा समाजसेवेत जमा झाला असता! पण त्याचा परिणाम असा की वस्तीतील शिबिराची नोंद अहवालात होते आणि आतल्या जोडाऱ्याला दिलेल्या अर्ध्या दिवसाची कोठेच होत नाही. ज्याचे छायाचित्र निघत नाही ते काम करावयाचे कोणी?

आम्ही उद्योगांविषयी कडवटपणे लिहीत आहोत असे कोणास वाटू नये. या मुंबईतीलच सिप्ला कंपनीच्या डॉ. युसुफ हमीद यांनी २००१ च्या फेब्रुवारीत तीन औषधांचा वर्षाचा उपचार साडेतीनशे डॉलरांत देऊ केला, तेव्हा पाश्चात्य कंपन्यांचा भाव दहा-पंधरा हजार डॉलरांचा होता. जगातील लक्षावधी गरिबांचे प्राण त्या एका प्रस्तावाने उघडलेल्या वाटेने वाचले. वर्षातून दोनदा टोचून घेतले की लागणीपासून संरक्षण देणारे लेनाकापाविर हे नवे औषध स्वस्तात बनविण्याचा परवाना २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सहा कंपन्यांना मिळाला, आणि त्यांत पुण्याची एमक्युअर आहे. म्हणजे ज्या मुंबई-पुण्याच्या कारखानदारीने हे औषध जगाच्या दारी पोहोचविले आणि पोहोचविणार आहे, त्याच मुंबई-पुण्याचा कामगार ते सुपारीच्या डबीत लपवून खातो!

तेव्हा आमचे मागणे शिबिराहून लहान आहे. नोकरीपूर्व तपासणीच्या यादीतून ही चाचणी काढून टाका. दवाखान्याच्या सवलतीला कारण विचारू नका. विम्याच्या दाव्याचे कागद कर्मचारी विभागातून न जाता थेट विमा कंपनीकडे जाऊ द्या. कंत्राट लिहिताना कंत्राटदाराची माणसे आपल्याच तक्रार अधिकाऱ्याकडे येऊ शकतील असे एक कलम घाला. मुंबईच्या आणि पुण्याच्या व्यापारी मंडळांनी आपल्या सभासदांकडून या अधिकाऱ्यांची यादी मागवावी. ती मिळाल्यास आम्ही आनंदाने छापू.

हा लेख लिहावयास बसण्यापूर्वी आम्ही आमच्याच कचेरीतील सूचनाफलकापाशी गेलो. आमच्या येथेही शंभरांहून अधिक माणसे काम करतात. उपाहारगृहाचे नवे दर तेथे लागलेले होते, क्रिकेटच्या सामन्याची सूचना होती. तक्रार अधिकाऱ्याचे नाव नव्हते. ते सोमवारी सकाळी लागेल.