कॉफी राहू द्या, कॅफीन जाऊ द्या

डॉक्टरांनी "कॅफीन कमी करा" म्हटलं की घरात दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, "कॉफीच सोडा, त्यात काय एवढं!" दुसरं म्हणतं, "डिकॅफ म्हणजे रंगीत पाणी, त्यापेक्षा गरम पाणी प्या." मला ही दोन्ही मतं पटत नाहीत. साठीनंतर धडधड होते, रात्री झोप लागत नाही म्हणून कॅफीन कमी करणाऱ्या माझ्यासारख्या बायकांनी चांगली डिकॅफ जरूर शोधावी. ती मिळते. फक्त वाण्याकडून साखर आणावी तशी डोळे मिटून आणता येत नाही, पाकीट उलटून वाचावं लागतं.

आधी हिशेब मांडू, कॉमर्सवालीला त्याशिवाय चैन पडत नाही. मोठ्या कपभर साध्या कॉफीत साधारण ९५ मिलिग्रॅम कॅफीन असतं, चहाच्या कपात अंदाजे त्याच्या निम्मं. म्हणजे कॉफी कमी करून दोन चहा वाढवले तर खातं जिथल्या तिथेच. डिकॅफच्या कपात २ ते १५ मिलिग्रॅम उरतं. ते शून्य नाही हे लक्षात ठेवा. डॉक्टरांनी अजिबात नको म्हटलं असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट असते. आपण चौविहार करतो, सूर्यास्तानंतर काही घेत नाही, मग कॉफीने झोप कशी उडेल, असं वाटतं. पण शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी साडेपाचला घेतलेल्या कपातलं निम्मं कॅफीन साडेदहाला अंगातच असतं. तोंड बंद झालं तरी कॉफीचं काम चालूच! म्हणून डिकॅफची खरी जागा संध्याकाळच्या कपात आहे.

दुसरी गोष्ट उपवासाची. पर्युषणात पहिल्याच उपवासाला दुपारपासून डोकं ठणकतं आणि आपण म्हणतो पित्त झालं. रोज दोन-तीन कप घेणाऱ्यांच्या बाबतीत ते बऱ्याचदा कॅफीन एकदम बंद झाल्याचं दुखणं असतं. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत ते सुरू होतं आणि काही दिवस टिकू शकतं. तपाचा त्रास सोसायला आपण तयार असतो, पण सवयीचा त्रास तपाच्या नावावर कशाला टाकायचा? चातुर्मास लागला की तयारी सुरू करा. पहिल्या आठवड्यात तीन भाग नेहमीची पावडर आणि एक भाग डिकॅफ, दुसऱ्यात निम्मी-निम्मी, तिसऱ्यात एक भाग नेहमीची, मग नुसती डिकॅफ. डोकं दुखलं तर एक पायरी आठवडाभर लांबवा.

आता चवीबद्दल. कॅफीन काढतात ते कच्च्या हिरव्या बियांतून, भाजण्याआधी. त्या वेळी चवीचाही थोडा अंश जातो. किती जातो हे पद्धतीवर अवलंबून असतं. पाकिटावर "स्विस वॉटर" किंवा नुसत्या पाण्याची पद्धत, कार्बन डायऑक्साइडची पद्धत किंवा उसापासून केलेल्या इथाइल ॲसिटेटची पद्धत लिहिलेली असेल तर घेऊन बघायला हरकत नाही. काहीच लिहिलेलं नसेल तर मी पाकीट परत ठेवते. भाजल्याची तारीखही बघा. डिकॅफ लवकर शिळी होते, आणि खप कमी म्हणून दुकानात पडूनही राहते. मी आणलेली पहिली इन्स्टंट डिकॅफ जळक्या पुठ्ठ्यासारखी लागली होती. म्हणून छोटं पाकीट, ताजी दळलेली पावडर आणि घट्ट झाकणाचा डबा.

चिकोरीबद्दल मात्र नीट सांगायला हवं. "चिकोरी जास्त असलेली कॉफी घ्या, कॅफीन आपोआप कमी" असा सल्ला सगळे देतात. हिशेबाने तो बरोबर आहे, चिकोरीत कॅफीन नसतं. पण चिकोरी म्हणजे भाजून दळलेलं मूळ! कंदमूळ न खाणाऱ्या कितीतरी घरांत ती फिल्टर कॉफीतून रोज पोटात जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. सुंठ-हळद वाळवलेली म्हणून चालते, तशी चिकोरी चालेल का, यावर घरोघरी वेगळं मत आहे. ते तुमच्या महाराजसाहेबांना विचारा. आमच्या घरी घेत नाही. चिकोरीचं प्रमाण पाकिटावर छापावंच लागतं, तेव्हा निदान कळून-सवरून घ्या किंवा सोडा.

करताना डिकॅफची पावडर नेहमीपेक्षा थोडी जास्त घाला आणि स्टीलच्या फिल्टरमध्ये डिकॉक्शन सावकाश उतरू द्या. दूध वेगळं तापवा, डिकॉक्शन उकळू नका. वरून किंचित जायफळ किसून घाला. आपल्या मराठी घरांतली ही जुनी युक्ती डिकॅफची उणीव बरीच भरून काढते. पाहुण्यांना सांगितलं नाही तर कळतही नाही.

काही मैत्रिणी विचारतात, "ही मनाची फसवणूक नाही का? सोडायचं तर पूर्ण सोडावं." पूर्ण सोडणाऱ्यांना माझा नमस्कार. पण आपल्याकडे नियम झेपेल तेवढाच घ्यावा आणि घेतलेला पाळावा, असंच शिकवलं आहे. "आजपासून कॉफी बंद" म्हणून चौथ्या दिवशी मोडण्यापेक्षा "दुपारनंतर कॅफीन नाही" हा छोटा नियम वर्षभर टिकतो. कपाशिवाय हात चालत नाहीत, डोकं चढतं, चिडचिड होते, ते आधी सुटू दे. चवीची ओढ त्यानंतर, सावकाश. ती सुटली तर उत्तमच. तोवर संध्याकाळचा एक कप, सूर्यास्ताच्या आत, जायफळ घालून.