उसन्या अंगणांतील अवतार

शब्दांचेंही नशीब माणसांसारखेंच असतें. देव खालीं उतरतो तो अवतार, हा ज्या शब्दाचा मूळ अर्थ, तो शब्द आमच्या घरांत उतरतां उतरतां विस्कटलेल्या केंसांपर्यंत आला आणि "काय हा अवतार!" या आईच्या उद्गारांत स्थिरावला. १९८६ च्या सुमारास अमेरिकेंतील 'हॅबिटॅट' नांवाच्या खेळाच्या कर्त्यांनीं तो उचलला, आणि खेळणाऱ्याच्या वतीनें संगणकाच्या पडद्यावर हिंडणाऱ्या बाहुलीस दिला. १९९२ सालीं नील स्टीफन्सन यांच्या 'स्नो क्रॅश' या कादंबरीनें तो तिकडे रूढ केला; आणि आतां तोच शब्द सातासमुद्रांपलीकडची फेरी करून आमच्या मुलांच्या तोंडीं परत आला आहे. शब्द आमचा म्हणून आनंद मानावा, तर ज्या जगांत तो नांदतो, त्या जगांतील वीतभर जागाही आमची नाहीं. या विसंगतीचाच विचार येथें करावयाचा आहे.

ज्या वाचकांच्या घरीं दहा-वीस वर्षांच्या वयाचें मूल आहे, त्यांस हा प्रकार अगदींच अपरिचित नसेल. ऑनलाइन आभासी जगांत प्रत्येकाला एक देह मिळतो. तो प्रथम सर्वांचा सारखाच असतो. त्याला केंस, वस्त्रें, दागिने, चालण्याची ढब हीं ज्याचीं त्यानें निवडावयाचीं. निवडणारे कोट्यवधि आहेत. रोब्लॉक्स या एकाच जगांत २०२५ सालीं दररोज दहा कोटींहून अधिक लोक ये-जा करीत होते. परंतु ज्या वस्तु निवडावयाच्या त्या आकाशांतून पडत नाहींत. त्या कोणींतरी घडवाव्या लागतात. ही घडण पोरखेळ आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं पडद्यावरील बाहुलीला एकदां नऊवारी नेसवून पाहावी. तो देह म्हणजे हजारों बिंदु जोडून विणलेलें एक जाळें असतें. शिंपी कापड बेततो त्याप्रमाणें तें जाळें उकलून सपाट मांडावयाचें, त्यावर रंग, पोत आणि कांठ यांचें चित्र चढवावयाचें, आंत हाडांचा सांगाडा बसवावयाचा, आणि कोणतें हाड हललें असतां वस्त्राचा कोणता भाग किती ओढला जावा, हें बारकाईनें ठरवावयाचें. यांत थोडी चूक झाली कीं बाहुली खालीं बसतांच निऱ्यांतून गुडघा बाहेर येतो, आणि कासोटा पाठीला चिकटून राहतो. पाश्चात्त्य पेहेरावासाठीं तयार सांचे विपुल मिळतात. कासोट्यासाठीं सहसा मिळत नाहींत. तेव्हां जो मराठी मुलगा किंवा जी मुलगी हें काम नीट करते, तिला शिंप्याचें माप, चित्रकाराचा डोळा आणि शरीररचनेचें ज्ञान हीं तिन्ही लागतात.

या विषयावर आमच्या सुशिक्षित समाजांत सध्यां दोन पक्ष दिसतात. पहिला पक्ष वडीलधाऱ्यांचा. त्यांचें म्हणणें असें कीं, खरा देह सोडून खोट्या देहाला नटविणें हें वेळेचें आणि बुद्धीचें मातेरें आहे. दुसरा पक्ष उत्साही मंडळींचा. त्यांच्या मतें हा उद्याचा महान् उद्योग असून, घरबसल्या डॉलर मिळविण्याची ही कामधेनु आमच्या दारांत उभी आहे. आमचें मत असें आहे कीं, पहिल्या पक्षानें भलत्याच वस्तूवर बोट ठेविलें आहे, आणि दुसऱ्यानें जेथें बोट ठेवावयास हवें तेथें डोळे मिटले आहेत.

पहिल्या पक्षास उत्तर देणें कठीण नाहीं. दुसरा देह धारण करणें ही जर विकृति असेल, तर ती आमच्या मातींत फार जुनी आहे. कोंकणांतील दशावतारी नट रात्रीं आपल्या हातानें तोंडाला रंग लावतो आणि पहाटेपर्यंत राजा होऊन वावरतो. त्याला आजवर कोणी खोटा म्हटलें नाहीं. पूर्वीं ठाणे जिल्ह्यांत असलेल्या, व २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत गेलेल्या जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याच्या उत्सवांत देवदेवतांचे मुखवटे चढवून माणसें रात्र रात्र नाचतात. तो मुखवटा घडविणाऱ्या कारागिराची आपण कला म्हणून वाहवा करतों. मग तोच मुखवटा लांकडाच्या अथवा कागदाच्या लगद्याऐवजीं बिंदूंच्या जाळ्याचा केला म्हणून ती कला एकाएकीं उडाणटप्पूपणा कशी ठरते? सोंग घेण्यांत दोष नाहीं, आणि सोंग घडविण्यांत तर मुळींच नाहीं.

परंतु याच उदाहरणांत दुसऱ्या पक्षाचें उत्तरही आहे, आणि तें त्यांनीं शांतपणें ऐकावें. दशावतारी मंडळींचा पेटारा त्यांचा स्वतःचा असतो. आज एका गांवच्या जत्रेंत खेळ केला, उद्यां पेटारा उचलून दुसऱ्या गांवीं गेले; पहिल्या गांवच्या पुढाऱ्याची मर्जी फिरली, तरी मुकुट आणि शेले कांहीं त्याच्या घरीं राहत नाहींत. बोहाड्याचा मुखवटा उत्सव संपल्यावर कोठें ठेवावयाचा आणि पुढच्या वर्षीं कोणीं नाचवावयाचा, याचे मान गांवांत ठरलेले असतात. आभासी जगांतील कारागिराला असा पेटारा नाहीं. एका जगांत खपलेला दागिना सामान्यतः दुसऱ्या जगांत नेतां येत नाहीं. आणि तें जगच मालकानें बंद केलें, तर दागिना, तो घालणारा देह आणि तो पाहणारे शेजारी, सारे एका रात्रींत नाहींसे होतात. ही नुसती भीति नव्हे. गूगलचें 'लाइव्हली' २००८ सालीं उघडलें आणि त्याच वर्षअखेर मिटलें. 'प्लेस्टेशन होम' ३१ मार्च २०१५ रोजीं बंद झालें. मुलांचें आवडतें 'क्लब पेंग्विन' २०१७ च्या मार्चांत गेलें, आणि मायक्रोसॉफ्टच्या ताब्यांतील 'आल्टस्पेस' १० मार्च २०२३ रोजीं. ज्यांनीं तेथें पैसे मोजून वस्त्रें घेतलीं होतीं, त्यांच्या हातीं आठवणींपलीकडे कांहीं उरलें नाहीं.

आतां पैशाचा हिशोब पाहूं. कारण डॉलरांच्या गोष्टी सांगणारे लोक हिशोब मात्र क्वचितच मांडतात. रोब्लॉक्समध्यें 'रोबक्स' नांवाचें चलन चालतें. २०२३ सालीं सुमारें एक डॉलर दिला असतां ८० रोबक्स मिळत. म्हणजे १०० रोबक्सांची एखादी टोपी घेणाऱ्याच्या खिशांतून सुमारें सव्वा डॉलर जाई. ती टोपी कंपनीच्या स्वतःच्या बाजारांत विकली गेली, तर घडविणाऱ्यास शंभरांतले ३० रोबक्स मिळत. त्या तीस रोबक्सांचे खरे पैसे करावयाचे तर दर निराळा: एका रोबक्सास ०·००३५ डॉलर. म्हणजे कारागिराच्या हातीं साडेदहा सेंट पडले. गिऱ्हाइकानें शंभर रुपये दिले असें धरलें, तर करणाऱ्यास त्यांतले साडेआठ रुपयेही पुरते मिळाले नाहींत. पुढें २०२५ सालीं हा दर थोडा वाढला. पण मूळ प्रमाण पाहतां ती वाढ नांवापुरतीच. याउलट, मे २०२१ मध्यें याच जगांत गुची या इटालियन पेढीच्या एका आभासी पिशवीचा पुनर्विक्रय चार हजार डॉलरांहून अधिक किंमतीस झाला. चामड्याची खरी पिशवी त्याहून स्वस्त होती! अशी एखादी बातमी जगभर पसरते आणि गांवोगांवच्या मुलांच्या डोळ्यांपुढें नाचूं लागते. साडेआठ रुपयांची बातमी कोणी छापीत नाहीं.

हें सर्व आम्ही राहनाळच्या संदर्भांत लिहीत आहों, आणि त्याला कारण आहे. ठाण्याहून कशेळी, काल्हेर, पूर्णा हीं गांवें ओलांडीत भिवंडीकडे निघालें म्हणजे राहनाळ लागतें. या पट्ट्यांत जेथें भाताचीं खाचरें होतीं, तेथें आज गोदामांचे पत्रे चमकतात. गोदामांत जगभरचा माल असतो, गांवाचा नसतो. शेजारीं भिवंडीचे यंत्रमाग आहेत. तेथील पुष्कळ लहान मागवाले मजुरीवर विणतात: सूत व्यापाऱ्याचें, कापड व्यापाऱ्याचें, आणि मागवाल्याचें काय तें खटखट आवाज, विजेचें बिल व वारावर ठरलेली मजुरी. कापडावर कोणाचा शिक्का बसणार आणि तें कोणत्या भावानें विकलें जाणार, हें त्यानें विचारावयाचें नसतें. दुसऱ्याच्या मालासाठीं आपला हात आणि आपली जमीन देणें म्हणजे काय, हें या भागाला पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. तेव्हां गोदामाच्या सावलींत वाढलेला मुलगा रात्रीं जागून अवतारांसाठीं वस्त्रें घडवूं लागला, तर त्यानें जुनी पेठ सोडून नवें जग गांठलें असें म्हणण्यापूर्वीं हें पाहिलें पाहिजे कीं, तो मजुरीच्या मागावरून उठून दुसऱ्या मजुरीच्या मागावर तर बसला नाहीं ना? मागवाल्याला निदान माग तरी स्वतःचा असतो, आणि व्यापारी बदलण्याची सोय असते. राहनाळच्या आमच्या एका विद्यार्थ्यानें परिश्रमपूर्वक नथ आणि अंबाडा घडवून एका आभासी जगांत मांडला होता. वर ज्या जगांचा उल्लेख आला त्यांपैकीं तें नव्हे. एके सकाळीं तो माल तेथून काढून टाकलेला आढळला. कारण विचारलें, तर एका ओळीचें यांत्रिक उत्तर आलें. दाद मागावयाची ती कोणापाशीं? व्यापारी निदान भिवंडीच्या बाजारांत भेटतो तरी.

येथें कोणी म्हणेल कीं, जग कंपनीनें उभारलें, यंत्रें तिचीं, वीज तिची. शिवाय फोनवरून होणाऱ्या खरेदींत ॲपलसारख्या दुकानदारांचा मोठा वांटा तिलाही द्यावा लागतो. आणि करार तर मुलानें स्वतःच मान्य केला आहे. यांतील पहिला भाग खरा आहे, आणि तो आम्हांस मान्य आहे. अंगण ज्याचें त्यानें भाडें घ्यावें. परंतु अंगणाचें भाडें घेणें निराळें, आणि अंगणांत नाचणाऱ्याचा पेटारा ठेवून घेणें निराळें. कराराविषयीं बोलावयाचें, तर जो करार एकानेंच लिहिला, त्यानेंच हवा तेव्हां बदलावयाचा, आणि दुसऱ्यानें केवळ मान्य करावयाचा किंवा निघून जावयाचें, त्याला संमति म्हणणें ही शब्दाची थट्टा आहे. सावकाराच्या वहीवरील अंगठाही संमतीचाच असे; तरी १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा करावा लागला.

"हें असेंच असणार, तंत्राचा स्वभावच तसा" असें म्हणणाऱ्यांसाठीं दोन दाखले पुरे आहेत. २००३ सालीं सुरू झालेल्या 'सेकंड लाइफ' या जगाच्या चालकांनीं, लिंडन लॅबनें, त्याच वर्षीं जाहीर केलें कीं, रहिवाशांनीं जें निर्माण केलें त्यावरील बौद्धिक हक्क त्यांचेच राहतील. तेथेंही जागेचें भाडें आहे. पण कर्त्याचें कर्तेपण मान्य झालें, आणि तें जग कांहीं त्यामुळें बुडालें नाहीं. दुसरा दाखला जपानचा. तेथें २०१८ सालीं 'व्हीआरएम' नांवाचा अवतारांचा एक खुला सांचा पुढें आला. एका जगांतील देह दुसऱ्या जगांत नेतां यावा हा त्याचा हेतु, आणि त्या देहाच्या धारिकेंतच कर्त्याचें नांव व वापराच्या अटी नोंदविण्याची सोय आहे. म्हणजे पेटारा करतां येतो. तो द्यावयाचा कीं नाहीं, एवढाच प्रश्न उरतो. आणि तो प्रश्न तंत्राचा नसून नीतीचा व कायद्याचा आहे.

कायद्याचा म्हणण्याचें कारण, या व्यवहारांत आतां सरकारही उतरलें आहे. २०२५ च्या सप्टेंबरांत महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग, कॉमिक्स आणि तत्सम उद्योगांसाठीं धोरण मंजूर केलें. २०५० पर्यंतच्या त्या आराखड्याची रक्कम ३,२६८ कोटी रुपयांची आहे. हा पैसा तुमचा-आमचा आहे. तेव्हां त्याच्या बदल्यांत कांहीं मागण्याचा अधिकारही आपला आहे. ज्या कंपनीस या तिजोरींतून सवलत मिळेल, तिनें महाराष्ट्रांतील कारागिराला चार गोष्टी द्याव्या: त्याचें नांव त्याच्या कृतीवर, गिऱ्हाइकानें दिलेल्या रकमेंतील त्याचा वांटा किती, हें रुपयांत आणि मराठींत, माल काढून टाकल्यास लेखी कारण व दाद मागण्याची जागा, आणि कृति खुल्या सांच्यांत बाहेर नेण्याची मुभा. हें फार मागणें नव्हे. ज्या राज्यानें पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालेलें पाहिलें, त्यानें पडद्यावरील पैठणी विणणाऱ्याला नांवानिशीं ओळखण्यास काय हरकत आहे?

हें होईपर्यंत घरच्या माणसांचेंही कांहीं कर्तव्य आहे. मूल रात्रीं जागून बाहुलीला शालू नेसवीत असेल, तर त्याच्या हातून फोन हिसकावूं नये, आणि शेजाऱ्यांपुढें त्याच्या डॉलरांची बढाईही मारूं नये. त्याच्या शेजारीं बसून विचारावें: मूळ कृति तुझ्याजवळ वेगळी जपून ठेविली आहेस काय? ब्लेंडरसारखें फुकट आणि खुलें साधन वापरलें असेल, तर ती ठेवतां येते, आणि जग बुडालें तरी ती राहते. शंभरांतले तुला किती मिळतात, हें तूं मांडून पाहिलें आहेस काय? आणि ज्या करारावर तूं होकार दिलास, तो वाचला आहेस काय? नसेल, तर तो दोघांनीं मिळून वाचावा. दुकानाच्या गाळ्याचा करार आपण वकिलाला दाखविल्याशिवाय करीत नाहीं; मुलाच्या दोन वर्षांच्या रात्री एका टिचकीनें देऊन टाकूं नयेत.