अल्कोहोलपासून विमानाचं इंधन: धंदा खरा आहे, पण डिपॉझिट भरू नका



परवाच्या व्हिडिओनंतर पवन मावळातल्या एका दादांचा फोन आला. "सर, उसाच्या अल्कोहोलपासून डिझेल आणि विमानाचं इंधन बनतंय म्हणे. त्याची एजन्सी मिळतेय, पाच लाख डिपॉझिट आहे. दहा गुंठे विकू का?"

मी म्हणालो, दादा, थांबा. आधी हिशोब मांडू.

इंधन खोटं नाही

19 मे 2023 ला पुण्याहून दिल्लीला एअरएशिया इंडियाचं प्रवासी विमान गेलं. त्याच्या इंधनात एक टक्क्यापर्यंत देशी जैवइंधन होतं. ते पुरवलं पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने, इंडियन ऑइलच्या साथीने. प्राजचं संशोधन केंद्र आपल्या शेजारच्या मुळशी तालुक्यात, उरवड्याला आहे. म्हणजे गोष्ट लांबची नाही, घाटापलीकडचीही नाही.

मग हिशोब कुठे अडतो?

इथेनॉलमधून पाणी काढायचं, राहिलेल्या इथिलीन वायूचे छोटे कण जोडून मोठे करायचे, त्यावर हायड्रोजनची प्रक्रिया करायची आणि मग ऊर्ध्वपातन करून जेट इंधन आणि डिझेल वेगळं करायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण 46 किलो इथेनॉलमधलं 18 किलो पाणी म्हणूनच निघून जातं!

म्हणजे एक लिटर इंधनाला कमीत कमी 1.6 लिटर इथेनॉल लागतं. 2022-23 च्या हंगामात उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलचा सरकारी दर होता 65.61 रुपये. गुणाकार करा. 105 रुपये फक्त कच्च्या मालाचे. मशीन, वीज, हायड्रोजन, व्याज सगळं वेगळं. आणि साधं विमान इंधन 2025 मध्ये साधारण 90 रुपये लिटरच्या आसपास होतं.

मग घेणार कोण? ज्याला घ्यावंच लागेल तो. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी सरकारचं लक्ष्य आहे 2027 मध्ये 1 टक्का, 2028 मध्ये 2 टक्के, 2030 मध्ये 5 टक्के. इथे गिऱ्हाईक सरकारी धोरणातून तयार होतं. आणि धोरण बदलतं. 7 डिसेंबर 2023 ला साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर अचानक बंदी आली. आठवडाभरात थोडी सूट मिळाली, पुढच्या हंगामात मोकळीकही मिळाली. पण कर्ज काढून डिस्टिलरी उभी केलेल्या कारखान्यांची त्या आठवड्यात झोप उडाली होती. कारखाना असा धक्का सोसतो. तुमचे दहा गुंठे सोसतील का?

डिझेलचं तर अजून प्रयोगातच आहे. डिझेलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग जमला नाही, आता आयसोब्युटेनॉल तपासतोय, असं नितीन गडकरींनी सप्टेंबर 2025 मध्ये सांगितलं.

माझी चूक सांगतो

2019 मध्ये मी पण बायोडिझेलच्या "डीलरशिप"साठी दीड लाख भरले होते. छान ब्रोशर, एसी ऑफिस, चहा-बिस्कीट. माल एकदाही आला नाही. बीबीए केलेला माणूस मी, पण एक प्रश्न विचारला नाही: "तुमच्या प्लांटमधून आज किती लिटर माल निघतो, आणि तो घेणारा कोण?"

मग आपण कुठून शिरायचं?

लोणावळ्यात मी चिक्कीवाल्यांना बॉक्स विकतो. गूळ महागो, शेंगदाणा महागो, बॉक्स लागतोच. आणि चिक्की मंदावली तर फजवाले आहेत, बेकरीवाले आहेत. आपला दरवाजा असा शोधा.

1. वापरलेलं तेल: तळणाच्या तेलात ध्रुवीय घटक 25 टक्क्यांवर गेले की ते परत वापरता येत नाही. ते तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायची 'रुको' योजना एफएसएसएआयने 2018 मध्ये आणली. विमानाचं इंधनही अशा तेलापासून बनतं. लोणावळा-खंडाळ्यात हॉटेलं आणि वडापावच्या गाड्या किती आहेत, मोजून बघा! पण आधी अधिकृत खरेदीदाराशी लेखी करार, मगच कॅन आणि टेम्पो.

2. कारखान्यांना पुरवठा: गॅस्केट, व्हॉल्व्ह, सेफ्टी शूज, टाकी सफाई. डिस्टिलरीला लागतं ते तळेगाव-चाकणच्या एमआयडीसीतही लागतं. एक गिऱ्हाईक बंद पडलं तरी दुसरं आहे.

3. भाताचा पेंढा: याची घाई नको. पानिपतला इंडियन ऑइलचा पेंढ्यापासून इथेनॉलचा प्लांट आहे, पण तिथे वर्षाला दोन लाख टन पेंढा लागतो. आपल्या इंद्रायणीच्या छोट्या खाचरांत गाठी बांधायचं मशीन वळवायचं कसं? आणि आपला पेंढा आधी गोठ्यात लागतो.

माझं मत स्पष्ट आहे. या इंधनाला भविष्य आहे, पण ते बनवणं हा कोट्यवधींचा खेळ आहे. आपण त्याच्या आजूबाजूची अशी कामं धरायची, जी धोरण बदललं तरी चालू राहतील.

दादांनी जमीन विकली नाही. सध्या ते कामशेत ते लोणावळा हॉटेलांची यादी करतायत. तुम्ही पण आज एक कागद घ्या आणि लिहा: माल कोण घेणार? सरकारने नियम बदलला तर दुसरं गिऱ्हाईक कोण? बुडाले तर किती बुडतील?

तिन्ही उत्तरं लिहिता आली नाहीत, तर खिशातला हात खिशातच ठेवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!